एक्लिप्स फेज: कॅरेक्टर शीटवरची फॅक्शन टेबलावर कशी उतरवायची?

रिकामा_स्टॅक

मंडळी, एक्लिप्स फेज या टेबलटॉप भूमिकाखेळाचं (आरपीजीचं) छोटं कॅम्पेन मांडतोय. चार खेळाडू, सहा-सात सेशन्स, सुरुवात मंगळावर. जग पहिल्या आवृत्तीतलं (२००९), नियम मात्र दुसऱ्या आवृत्तीचे (२०१९), असा बेत आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टायटन नावाच्या लष्करी कृत्रिम बुद्धिमत्ता हाताबाहेर गेल्या, पृथ्वी गेली, बहुतेक माणसं गेली. या 'फॉल'ला आता दहा वर्षं झालीत. जी माणसं उरली ती सूर्यमालेत विखुरली आहेत. मन म्हणजे इगो आणि शरीर म्हणजे मॉर्फ. कवटीच्या बुडाशी द्राक्षाएवढा कॉर्टिकल स्टॅक असतो. शरीर मेलं तर स्टॅकमधून किंवा जुन्या बॅकअपमधून मन दुसऱ्या मॉर्फमध्ये घालतात.

आता अडचण. शीटवर प्रत्येकाची फॅक्शन, म्हणजे राजकीय गट, लिहिलेली: एक जण अनार्किस्ट, एक हायपरकॉर्पचा (बड्या कंपनीचा) माणूस, एक बार्सूमियन (मंगळावरचा बंडखोर), एक जोव्हियन (गुरूभोवतीच्या लष्करी राजवटीतला, शरीर बदलायला विरोध असलेला). पण फायरवॉल ही गुप्त संघटना सगळ्यांना एका माळेत ओवते, आणि मानवजात वाचवायची म्हटलं की मतभेद गुंडाळून ठेवले जातात. मग फॅक्शन म्हणजे कौशल्यावर मिळालेले +१० आणि बोलण्याची ढब, एवढंच उरतं. तुम्ही हे राजकारण खेळात कसं आणता? पात्रांनी एकमेकांना भाषणं द्यायला नकोत. नियमांतून आणि साधनांतून आपोआप येईल असं काही हवंय.

नीलपर्णी

शरीरापासून सुरुवात करा. या खेळातल्या जवळजवळ सगळ्या गटांचं भांडण शेवटी दोन गोष्टींवर येतं: शरीर कोणाच्या मालकीचं, आणि मनाची प्रत म्हणजे माणूस की माल.

पहिल्या आवृत्तीतल्या किमती बघा. कॅरेक्टर बनवायला १००० पॉइंट असतात. फ्लॅट, म्हणजे जनुकीय फेरफार न केलेलं जन्मजात शरीर, शून्य पॉइंटांना. केस, म्हणजे स्वस्तातलं यांत्रिक शरीर, ५. स्प्लायसर, म्हणजे जनुकीय दोष काढलेलं शरीर, १०, एक्झॉल्ट ३०, रीमेड ६०, लढाऊ फ्युरी ७५. खेळाडू हे आकडे वाचून पुढे जातो, कारण त्याला मॉर्फ पॉइंट देऊन मिळतं. जगात ते तसं मिळत नाही. तेव्हा मिशनच्या सुरुवातीला मॉर्फ वाटताना प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठ्याचं कार्ड द्या. त्यावर तीनच ओळी: मालक कोण, अट काय, परत कधी करायचं.

प्लॅनेटरी कन्सॉर्शियमच्या (हायपरकॉर्पांच्या युतीच्या) वसाहतीत कार्डावर भाडेकरार असेल, नुकसानभरपाईसकट. टायटन या शनीच्या चंद्रावर (टायटन एआय वेगळ्या) सार्वजनिक यंत्रणेतून मिळेल, पण रांग लावावी लागेल. अनार्किस्टांकडे तुमची रेप (रेप्युटेशन, नेटवर्कवरची प्रतिष्ठा) बघून कोणीतरी आपलं जादा मॉर्फ देईल आणि लोकांसमोर जाब विचारायचा हक्कही ठेवेल. एक्स्ट्रोपियावर (४४ नायसा या लघुग्रहातली वसाहत) विमा आणि लवाद कोणता हे आधी ठरवल्याशिवाय कोणी हात लावू देणार नाही. जोव्हियनाला कार्डच नाही, त्याचं शरीर त्याचं.

एवढं केलं तरी पहिल्या गोळीबारात फरक दिसतो. भाड्याच्या फ्युरीत बसलेला माणूस आडोसा शोधतो.

खडूफळा

वाखुसा (वाचनखूण साठवली). कार्डांची कल्पना उचलतोय.

दशफासी

मी थोडा असहमत आहे. हा खेळ मुळात भयकथेचा आहे. फायरवॉलचे सेंटिनल म्हणजे साधी माणसं, त्यांना प्रॉक्सी (संघटनेतला समन्वयक) काम सांगतो, आणि पलीकडे काय आहे हे कुणालाच धड ठाऊक नसतं. त्यात पाच गटांची कारस्थानं घातली की भीती पातळ होते. बरेच जीएम (खेळ चालवणारे) पहिल्या सेशनला हायपरकॉर्पांची यादी वाचून दाखवतात: कॉग्नाइट, डायरेक्ट ॲक्शन, स्किनएस्थेशिया, कॉमेक्स... दहाव्या नावाला खेळाडूंचे डोळे मिटतात.

माझा नियम असा की एका मिशनमध्ये फायरवॉल सोडून दोनच गट. दोघांनाही तीच एक वस्तू हवी, पण कारणं वेगळी. तिसरा गट फक्त बातमीत येऊ दे.

आणि फायरवॉल सगळ्यांना एका माळेत ओवते हेही पूर्ण खरं नाही. फायरवॉलला ठरावीक नियमावली नाही, एकाच धोक्याबद्दल दोन प्रॉक्सींचं मत वेगळं असू शकतं. एकाने 'पुरावा आणा' म्हणायचं, दुसऱ्याने 'जागेवर जाळा' म्हणायचं. दोन्ही निरोप दोन वेगळ्या खेळाडूंना चिठ्ठीवर द्या, आय-रेपची (फायरवॉलमध्ये चालणाऱ्या रेपची) लालूच दोन्हीकडे सारखी. फॅक्शन तिथेच बाहेर येते, कारण पुरावा जपायचा की जाळायचा हे ठरवताना माणूस आपल्या मूळ विचारांकडेच वळतो.

मंगळवारकर

दशफासी यांचं 'एक वस्तू' हे सूत्र बरोबर आहे. पण दोनच गटांची मर्यादा मला कडक वाटते. वस्तू नीट निवडली तर सहा गटही पेलतात, कारण प्रत्येकाचं म्हणणं एका वाक्यात मावतं. मंगळावरच खेळायचंय तर हे घ्या.

मंगळाच्या कक्षेत एक जुना सर्व्हर. त्यात ३०० इन्फ्यूजी, म्हणजे फॉलच्या वेळी पृथ्वीवरून फक्त मन अपलोड करून निसटलेली माणसं. दहा वर्षं थंड साठवणीत. कन्सॉर्शियम म्हणतं, यांच्यावर साठवणुकीचं देणं आहे, करारावर राबून फेडतील तेव्हा मॉर्फ देऊ. मंगळावरचे बरेचसे इंडेंचर (करारबद्ध) कामगार असेच आलेले आहेत आणि रस्टर (मंगळासाठी घडवलेल्या) मॉर्फमध्ये टेराफॉर्मिंगची, म्हणजे ग्रह राहण्याजोगा करण्याची, कामं करतात. बार्सूमियन म्हणतात, आत्ता सोडवा. पण त्यांच्याकडे ४० केस आहेत, बाकीच्या २६० जणांना कुठे बसवणार? टायटन आश्रय देईल, पण निर्णय मतदानाने होईल. एक्स्ट्रोपियन मूळ करारनामा मागेल. जोव्हियन म्हणेल, ती माणसं पृथ्वीवर मेली, ही त्यांची नक्कल आहे आणि बहुधा दूषित आहे. फायरवॉलची भीती तीच: काही इगोंमध्ये एक्ससर्जंट विषाणू (मन आणि शरीर बिघडवणारा) असू शकतो.

आता याला आकडे लावा. सहा घरांचं घड्याळ कागदावर काढा. सहावं घर भरलं की कन्सॉर्शियमचं जहाज पोचतं. सर्व्हरला बाहेर जाणारं पोर्ट एकच. एका घरात एकच काम: ५० इगो तपासणे किंवा ५० इगो पाठवणे. म्हणजे न तपासता सगळे ३०० पाठवता येतात, किंवा तपासून फक्त १५०. मधला कुठलाही आकडा चालेल, पण तो खेळाडूंनी भांडून ठरवायचा. कुठले ५० आधी, हेही त्यांनीच ठरवायचं. यादीत नावं, वय आणि व्यवसाय लिहून द्या. शेतीतज्ज्ञ आधी की मुलं आधी, यावर जो वाद होतो त्यात चारही फॅक्शन्स आपोआप बोलू लागतात.

बिघडतं कुठे ते सांगतो. खेळाडू 'सर्व्हरच उचलून नेऊ' म्हणतात. म्हणून सर्व्हर स्टेशनच्या सांगाड्यातच बांधलेला हवा, आणि हे वर्णनात पहिल्यांदाच यायला हवं. नंतर सांगितलं तर जीएमने वाट अडवल्यासारखं वाटतं.

शनिवारचा_जीएम

मंगळवारकर, झकास! यात टायटनचा मुद्दा प्रकाशवेगाने आणखी घट्ट होतो. मंगळ ते शनी रेडिओ संदेशाला ग्रहांच्या जागेनुसार साधारण एक ते दीड तास लागतो. विचारलं आणि उत्तर आलं यात दोन ते तीन तास. घड्याळाचं एक घर एका तासाचं धरलंत तर पहिल्या घरात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चौथ्या घराच्या आसपास येणार, आणि तोवर इथे गटाने स्वतःच्या जबाबदारीवर वागायचं. क्वांटम एन्टँगलमेंटची तातडीची संपर्कसाधनं खेळात आहेत, पण त्यातले क्यूबिट वापरले की संपतात. मिशनला एकच निरोप परवडेल एवढेच द्या.

आता रेप. बहुतेक टेबलांवर रेप म्हणजे दुसऱ्या नावाचे पैसे होतात, आणि इथेच फॅक्शन मरते. दुसऱ्या आवृत्तीत मदतीचे थर आहेत: ट्रिव्हियल, मायनर, मॉडरेट, मेजर. रोल रेपच्या आकड्यावर. समजा ॲट-रेप (ऑटोनॉमिस्ट, म्हणजे स्वायत्त गटांच्या नेटवर्कवरची) ५० आहे आणि बार्सूमियनांकडे लपायला जागा मागितली. डी-१०० वर (शंभरी फाशांवर) ५० किंवा खाली आलं की मिळाली. ३३ आले तर जोडी अंक, म्हणजे क्रिटिकल, जागेबरोबर वाहनही द्या.

मी यावर एक घरचा नियम लावतो. मदत मिळाली की देणाऱ्याचं नाव आणि त्याचा गट कार्डाच्या मागे लिहायचा. पुढे त्या गटाच्या विरुद्ध वागलात तर त्या नेटवर्कवरच्या पुढच्या रोलला -२०, आणि कारण नेटवर्कवर जाहीर होतं. सी-रेप (हायपरकॉर्पांच्या नेटवर्कवरची) आणि ॲट-रेप दोन्ही ६० च्या वर ठेवणं मग अवघड होतं, आणि तसंच व्हायला हवं. पैसे खर्चून संपतात. रेप उघड असते, त्यामुळे तुम्ही कोणाची मदत घेतलीत हे दुसऱ्या बाजूला कळतं.

अर्धवट_फोर्क

दोन पात्रांचं एकमेकांशी पटत नसेल तेव्हा रोल करायचा का? की खेळाडूंनी बोलून सोडवायचं?

शनिवारचा_जीएम

आधी बोलू द्या. पाच मिनिटांत सुटलं नाही तर समोरासमोर रोल. एकाचं पर्सुएड (मन वळवण्याचं कौशल्य) ६०, त्याला ४१ आले. दुसऱ्याचं ५५, त्याला ४८ आले. दोघेही यशस्वी, पण या खेळात यशस्वी रोलमधला मोठा आकडा जिंकतो, म्हणून ४८. नवीन लोक इथे हमखास गोंधळतात, कारण शंभरी फाशांच्या बऱ्याच खेळांत जितका कमी आकडा तितका चांगला. जिंकणाऱ्याने दुसऱ्याच्या पात्राचं मत बदलायचं नाही, फक्त या घरात पोर्ट कशासाठी वापरायचं तेवढं ठरवायचं. मत बदलायला लावलं की खेळाडू दुखावतात.

तिरपीरेघ

जोव्हियनांबद्दल सगळे एका वाक्यात बोलून मोकळे होताय, म्हणून लिहिते.

नियमच त्यांच्या विरोधात आहेत. पहिल्या आवृत्तीत जोव्हियन फॅक्शन घेतली की मॉर्फ फ्लॅट किंवा स्प्लायसरच, आणि नॅनोवेअर किंवा प्रगत नॅनोटेक सुरुवातीला घेता येत नाही. बदल्यात दोन शस्त्रकौशल्यांवर आणि फ्रेवर (हल्ला चुकवण्यावर) +१०. पुस्तकाचा कलही उघडपणे ऑटोनॉमिस्टांकडे आहे. त्यामुळे टेबलावर जोव्हियन येतो तो एकतर खलनायक म्हणून, नाहीतर चिडवायला.

पण त्यांचा युक्तिवाद जगाच्या तर्कात भक्कम आहे. टायटन एआयनी लाखो लोकांची मनं जबरदस्तीने अपलोड करून नेली. जे तंत्र मन डेटा बनवतं तेच तंत्र मन चोरण्याजोगं बनवतं. बॅकअपमधून उठलेला माणूस 'मीच तो' म्हणतो, पण मेलेल्याची साक्ष कोणी काढलीय? हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. त्यांची राजवट लष्करी आणि जुलमी आहे, ते वेगळं. जोव्हियन पात्र त्या राजवटीवर चिडलेलं असू शकतं आणि तरीही रीस्लीव्हिंगला (दुसऱ्या शरीरात जायला) ठाम नकार देऊ शकतं. असं पात्र मला या खेळात सगळ्यात जास्त आवडतं.

नीलपर्णी

युक्तिवाद भक्कम आहे हे मान्य. पण ती भीती राजवटीच्या सोयीचीही आहे. ज्याचं शरीर एकच त्याला तुरुंगात घालणं सोपं, आणि जो इगोकास्ट करून (नुसतं मन दूरवर पाठवून) निसटू शकत नाही त्याला सीमेवर अडवणंही सोपं. तेव्हा श्रद्धा कुठे संपते आणि सत्ता कुठे सुरू होते, हे जोव्हियन पात्राने स्वतःला विचारायला हवं.

तिरपीरेघ

तोच प्रश्न कन्सॉर्शियमलाही लागू आहे, नीलपर्णी. शरीर भाड्याने देणाऱ्याला भाडेकरू हवाच असतो.

अर्धवट_फोर्क

फोर्कबद्दल, म्हणजे इगोच्या प्रतीबद्दल, कोणी बोललं नाही म्हणून भर घालतो. अल्फा फोर्क म्हणजे पूर्ण प्रत, बीटा म्हणजे काटछाट केलेली. गटांचं राजकारण इथे कायद्यातच दिसतं. जोव्हियनांकडे फोर्किंग बंद, आतल्या ग्रहांवर अल्फावर कडक निर्बंध, बाहेरच्या ऑटोनॉमिस्ट वसाहतींत बरीच मोकळीक.

खेळात मात्र फोर्क सगळ्यांचा वेळ खातात. एकच खेळाडू दोन ठिकाणी, बाकीचे जांभया देताहेत. उपाय म्हणजे फोर्क पात्राच्या मालकाने खेळायचाच नाही. तो शेजारच्या खेळाडूला द्यायचा, एका ओळीच्या सूचनेसह: 'यादीतलं माझ्या बहिणीचं नाव शोध, सापडलं तर आधी पाठव.' शेजारचा खेळाडू तो फोर्क स्वतःच्या समजुतीने चालवतो. परत येऊन मूळ इगोत विलीन व्हायची वेळ येते तेव्हा फोर्कने काय केलं ते मालकाला पहिल्यांदा कळतं. जितका वेळ वेगळे राहिले तितकं विलीनीकरण अवघड, आणि फसलं तर स्ट्रेस बसतो किंवा आठवणी जातात. फोर्कने विलीन व्हायला नकार दिला तर? मग मंगळवारकरांच्या यादीत ३०१ वा इगो.

कालिंदी

अवांतर, पण जुळणारं आहे. नियमच कोणाची बाजू घेतात हा तिरपीरेघ यांचा मुद्दा इतर खेळांवर ताडून बघा.

सायबरपंक २०२० मध्ये शरीरात धातू बसवला की ह्युमॅनिटी घटते. दर १० पॉइंटांमागे एम्पथी एकाने उतरते, आणि शून्यावर पात्र जीएमच्या ताब्यात जातं. म्हणजे यंत्र जोडलं की माणुसकी जाते, हे मत नियमातच कोरलेलं आहे. जोव्हियनाला तो खेळ पटेल. एक्लिप्स फेजमध्ये मॉर्फ बदलणं कठीण जाऊ शकतं, पण धातू आहे म्हणून माणुसकीचे पॉइंट कटत नाहीत. पहिल्या आवृत्तीत रीस्लीव्ह केल्यावर तीन वेगवेगळ्या चाचण्या: शरीर अंगवळणी पडलं का, यासाठी सोमॅटिक्स या गुणाच्या आकड्याच्या तिप्पट. आरशातला चेहरा आपला वाटतो का, यासाठी इन्ट्यूइशनच्या तिप्पट. आठवणीत खंड पडला असेल तर विलपॉवरच्या तिप्पट. तुम्ही दुसऱ्या आवृत्तीचे नियम घेणार असलात तरी हे तीन प्रश्न वेगळे ठेवा, कारण प्रत्येक फॅक्शन वेगळ्या प्रश्नाला घाबरते.

ट्रान्सह्यूमन स्पेस (२००२, कथाकाल २१००) याच विषयाकडे राष्ट्रांच्या राजकारणातून बघतो. तिथे नॅनोसोशलिस्ट देशांची आघाडी बौद्धिक संपदा सार्वजनिक मानते, आणि त्यावरून पॅसिफिकमध्ये युद्ध होऊन गेलेलं आहे. मनाच्या बेकायदा प्रतीला तिथे झॉक्स म्हणतात. तुमच्या करारनाम्याच्या प्रसंगाला तिथून चांगलं खाद्य मिळेल: इगोचा मालक कोण हे न विचारता, इगो उघडायच्या सॉफ्टवेअरचा मालक कोण, हे विचारा.

खडूफळा

ही फॅक्शन पत्रकं मराठीत करून टेबलावर ठेवली तर चालतील का? पुस्तकातले उतारे भाषांतर करून?

कालिंदी

चालतील. एक्लिप्स फेजचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे. अटी तीन: मूळ प्रकाशकाला श्रेय द्यायचं, पैसे घ्यायचे नाहीत, आणि तुमचं भाषांतरही त्याच परवान्याखाली खुलं ठेवायचं. मॉर्फ, इगो, स्टॅक, फोर्क तसेच राहू द्या, टेबलावर कोणी दुसरं म्हणत नाही. एका गटाला अर्धं पान पुरे: शरीर कसं देतात, प्रतीबद्दल कायदा काय, कोणती रेप चालते, आणि आज त्यांना काय हवंय. इतिहास मागच्या बाजूला.

दशफासी

हे अर्धं पान असेल तर माझी दोन गटांची मर्यादा मागे घेतो. माझा आक्षेप इतिहास वाचून दाखवण्याला होता. विषाणू मात्र खरा असू द्या. ३०० पैकी कुठल्या गठ्ठ्यात आहे ते सेशनच्या आधी चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करा. खेळाडूंनी काय केलं ते बघून मग विषाणू कुठे होता ते ठरवलंत तर सगळी निवड खोटी पडते.

रिकामा_स्टॅक

सगळ्यांचे आभार, बरंच हाती लागलं. मॉर्फची कार्डं, सहा घरांचं घड्याळ, पाकिटातला गठ्ठा आणि रेपची -२०, एवढं नक्की घेतोय. फोर्क पहिल्या मिशनमध्ये नको, दुसऱ्यात आणेन.

एक गाठ राहिली. माझा जोव्हियन खेळाडू या सर्व्हरच्या प्रसंगात करणार काय? त्याच्या दृष्टीने ३०० पैकी एकही जिवंत नाही. तो नुसता कोपऱ्यात उभा राहून विरोध करेल.

तिरपीरेघ

त्यालाच पोर्टपाशी बसवा. फ्लॅट मॉर्फ घेतलं असेल तर डोक्यात मेश इन्सर्ट (नेटवर्कला जोडणारी उपकरणं) नाहीत, तो बाहेरचा एक्टो (अंगावर बाळगायचा छोटा संगणक) वापरतो. दूषित इगो तपासताना डिजिटल हल्ला झाला तर बाकी तिघांच्या डोक्यात शिरायला वाट आहे, त्याच्या डोक्यात नाही. एक्टो काढून फेकला की सुटला. बॅसिलिस्क हॅक (मेंदूवर थेट परिणाम करणारी चित्रं-आवाज) डोळ्याकानांतून येतात, तेव्हा तो पूर्ण सुरक्षित नाही, म्हणून स्क्रीनवर फक्त मजकूर दिसू द्या, चित्र आणि आवाज बंद. त्याला स्टॅकही नाही आणि बॅकअपही नाही, त्यामुळे गटातला सगळ्यात मोठा धोका तोच पत्करतो.

म्हणजे ज्याला ही माणसं वाटत नाहीत त्याच्याशिवाय एकही गठ्ठा सुरक्षित तपासता येत नाही, आणि तपासल्यावर 'स्वच्छ' की 'दूषित' हा शब्दही त्याच्याच तोंडून येतो. बाकीच्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते त्यांनी बघावं. निकाल त्याला एकट्याला चिठ्ठीवर द्या.

मंगळवारकर

आणि त्या रोलला क्रिटिकल आलं तर जास्तीचे इगो देऊ नका, गणित कोसळतं. त्याऐवजी पुढच्या गठ्ठ्यातल्या एकाच इगोची पूर्ण माहिती द्या, नाव-गाव आणि शेवटची आठवण. क्रिटिकल फेल्युअर आलं तर घड्याळाचं एक घर जादा भरा.